ठिपके बघून झाले असतील तर जरा कानही बघा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही डॉग शोचं अख्खं पान छापलंत, फोटो झकास होते, आमच्याकडे सकाळच्या चहाला ते पान चार हातांतून फिरलं आणि शेवटी त्यावर चहा सांडला तेव्हाच खाली ठेवलं गेलं. पण डाल्मेशियनच्या फोटोखाली जे लिहिलंय की ठिपके जितके जास्त तितकं कुत्रं अस्सल, आणि बाजूच्या चौकटीत जे आहे की मोठा काळा चट्टा असेल तर ओळखावं की मिक्स आहे, ते वाचून मला राहवलं नाही. दोन्ही चूक आहे. गेली नऊ वर्षं माझ्या घरात डाल्मेशियन आहेत, त्यातली एक चट्टेवाली आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता वाचीव नाही.

आधी ठिपक्यांचं सांगतो. डाल्मेशियनची पिल्लं जन्मतात तेव्हा पांढरीशुभ्र असतात, एकही ठिपका नसतो. आमच्या शेजारच्या काकू बघायला आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या अहो तुम्हाला फसवलं, हे तर सशाचं पिल्लू दिसतंय. दहा बारा दिवस गेले की पोटाकडच्या कातडीवर राखाडी सावल्या दिसायला लागतात, मग हळूहळू त्यांचे ठिपके होतात, आणि पुढे कित्येक महिने नवे येतच राहतात. शोमधे जज हे ठिपके मोजत बसत नाही. एफसीआय म्हणजे कुत्र्यांच्या जातींची मानकं ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिचं जे मानक आहे (आपल्या केनेल क्लब ऑफ इंडियाची त्या संस्थेशी जोडणी आहे) त्यात लिहिलंय की काळ्या ठिपक्यांच्या कुत्र्यात ठिपका दोन ते तीन सेंटीमीटरचा हवा, तपकिरी ठिपक्यांच्या म्हणजे ज्याला लिव्हर म्हणतात त्यात साधारण दोनचा. आपल्या हिशोबात सांगायचं तर रुपयाच्या नाण्यापासून दहाच्या नाण्यापर्यंत. गोल हवा, कड स्पष्ट हवी, एकमेकांत मिसळलेले नकोत, अंगभर सारखे पसरलेले हवेत आणि डोक्यावर पायांवर शेपटीवर जरा लहान. म्हणजे ज्याच्या अंगावर ठिपक्यांची नुसती गर्दी झालीय आणि लांबून करडा दिसतोय तो उलट मार खातो. तुमच्या फोटोतला कुत्रा मला तसाच वाटला पण फोटोवरून बोलणं बरं नाही, सोडून देतो.

या एका जातीत रंगाला किती वजन आहे ते बघा. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात शंभर मार्कांचा तक्ता आहे, त्यात एकट्या रंग आणि ठिपक्यांना २५ मार्क. चालीला १०, डोक्याला १०, स्वभावाला १०. ज्या कुत्र्याला इंग्लंडमधे घोडागाड्यांच्या शेजारी मैलोन् मैल पळायला ठेवायचे, अमेरिकेत आगीच्या बंबाच्या घोड्यांपुढे रस्ता मोकळा करायला पळवायचे, त्याच्या चालीला दहा आणि अंगावरच्या नक्षीला पंचवीस. मला हे वाचून आजोबा आठवले. ते दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला घोडे बघायला जायचे, घ्यायची ऐपत नव्हती, नुसते बघायला. घोडा समोर आला की आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघणार, देवमण हा शुभ भोवरा आहे का, आसुढाळ हा अशुभ तर नाही ना, पंचकल्याणी म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं असला तर टोपी काढून हात जोडणार. आणि मग शेजारचा कोणीतरी म्हणायचा आबा जरा चालवून बघा, लंगडतोय तो. आजोबा ते आम्हाला हसत हसत सांगायचे, की भोवऱ्याच्या नादात पाय बघायचे राहिले.

आता चट्टा, म्हणजे पॅच. ठिपका आणि पॅच यात नुसता लहान मोठ्याचा फरक नाही हे मला पण माहीत नव्हतं. पॅच जन्मतःच असतो. पांढऱ्या पिल्लांच्या गठ्ठ्यात एकाचा कान काळा कुळकुळीत असेल तर तो पॅच. त्याची कड गुळगुळीत असते, आत एकही पांढरा केस नसतो, हात फिरवला तर मखमल लागते. चार ठिपके एकमेकांना चिकटून मोठा डाग झाला असेल तर त्याची कड वाकडीतिकडी असते आणि आत कुठेतरी पांढरे केस सापडतात, तो पॅच नव्हे, त्याला जज फार तर कमी लेखेल पण बाहेर काढणार नाही. पॅचवाला मात्र थेट बाद. डोळ्याभोवती असेल तरी बाद, अंगावर कुठेही असेल तरी बाद. काळे आणि तपकिरी ठिपके एकाच अंगावर असतील तर बाद, ठिपके लेमन म्हणजे पिवळसर असतील तर बाद (आणि हेच लेमनवालं पिल्लू आपल्याकडे व्हॉट्सॲपवर रेअर कलर म्हणून दीडपट किमतीला फिरत असतं, जसा लॅब्रॅडॉरमधे सिल्व्हर, तेव्हा वाचकांनी जरा जपून).

पण बाद म्हणजे मिक्स नव्हे हो. ज्या आईबापांच्या पोटी शोचे चॅम्पियन जन्मतात त्यांच्याच वेतात पॅचवालं पिल्लू येतं, कागद सगळे सारखे, रक्त सारखं. पूर्वी परदेशात काही ब्रीडर असली पिल्लं जन्मल्याबरोबर मारून टाकायचे, विकायला सुद्धा ठेवायचे नाहीत, घराण्याचं नाव जाईल म्हणून.

आमची तीट अशीच आली. डावा कान अख्खा काळा, बाकी अंग पांढरं. ब्रीडरने पेट क्वालिटी, म्हणजे घरी पाळायला ठीक पण शोला नाही, म्हणून स्वस्तात दिली, मला वाटलं काही आजार आहे की काय. आमच्या आईने मांडीवर घेतली आणि म्हणाली देवानेच तीट लावून पाठवलीय हिला, कोणाची दृष्ट नको लागायला, तेच नाव पडलं. मोठी झाल्यावर इतकी देखणी झाली की मला शोचं वेड लागलं, नियम बियम काही माहीत नाही, पैसे भरले, आंघोळ घालून घेऊन गेलो. जज बाहेरच्या राज्यातले होते, वयस्कर, फार सभ्य माणूस. त्यांनी तिला चालवून बघितलं, खांद्यावरून पाठीवरून हात फिरवला, दात बघितले, आणि मग कान हातात घेऊन केस उलटे करून कड बघितली, दोनदा बघितली. मला बाजूला घेऊन म्हणाले चाल फार छान आहे, स्वभाव छान आहे, पण हा पॅच आहे, मला काढावं लागेल. त्यांचा मला राग नाही, त्यांच्या हातात जो कागद आहे त्याप्रमाणे त्यांनी केलं आणि समजावून सांगितलं, तेवढं पण सगळे करत नाहीत.

राग आला तो पुढच्या गोष्टीचा. माझ्या डोक्यात शो बसला होता त्यामुळे तीन वर्षांनी मी शो क्वालिटी पिल्लू घेतलं, चांगले पैसे मोजून, मोत्या. काय ठिपके होते सांगू, जणू कोणी बसून नाण्याने छापलेत. पॅच नाही, गर्दी नाही, कानावर सुद्धा सुटे सुटे ठिपके, नाक काळं, एक डोळा मात्र निळसर होता. ब्रीडर म्हणाला निळा डोळा अमेरिकेत चालतो, स्टायलिश दिसतो. अमेरिकेत चालतो हे खरंच आहे. एफसीआयच्या मानकात मात्र निळा डोळा बाद, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सहा महिन्यांच्या आत मोत्याला एका छोट्या शोमधे पपी क्लासमधे पहिला नंबर मिळाला, संध्याकाळ होत आलेली, त्या दिवशीच्या जजने डोळ्याकडे पाहिलं नाही की पाहून सोडून दिलं कोण जाणे. कप अजून टीव्हीवर आहे.

मोत्या हाक मारली की येत नसे. आम्ही म्हणायचो हट्टी आहे, डाल्मेशियन हट्टी असतातच असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तीट उठली की उठायचा, तीट दाराकडे पळाली की तिच्या मागे पळायचा, तिने भुंकायला सुरुवात केली की तिच्याकडे बघून हा पण भुंकायचा. रिंगमधे माझ्या मुठीत भाजलेली कलेजी असायची, त्याची नजर तिथून हलत नसे, लोक म्हणायचे काय अटेन्शन आहे. मग दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या गल्लीत लक्ष्मी बॉम्बची लड लागली, तीट पलंगाखाली जाऊन थरथरत बसली, समोरच्यांचा लॅब्रॅडॉर बाथरूममधे घुसला, आणि मोत्या दाराच्या उंबऱ्यात पसरून गाढ झोपलेला. सगळे म्हणाले वा काय धीट कुत्रा आहे. माझी बायको पलंगावरून उठली, स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणलं आणि त्याच्या मागे जोरात आपटलं. कान सुद्धा हलला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे.

दोन्ही कानांनी ठार बहिरा. जन्मापासून.

मग मी वाचायला लागलो, आणि जे वाचलं ते तुमच्या चौकटीत यायला हवं होतं. अमेरिकेत लुइझियानातल्या एका विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी, जॉर्ज स्ट्रेन त्यांचं नाव, हजारो डाल्मेशियनचे कान तपासले, त्यात साधारण ८ टक्के दोन्ही कानांनी आणि २२ टक्के एका कानाने बहिरे निघाले. म्हणजे दहातल्या तिघांच्या कानात काहीतरी गडबड. इतकं प्रमाण फार कमी जातींत आहे. आणि कारण काय तर तोच पांढरा रंग. अंगावर रंग आणणाऱ्या ज्या पेशी असतात त्याच पेशी कानाच्या आतल्या शंखात पण लागतात, तिथलं काम त्यांच्यावर चालतं. डाल्मेशियनमधे पांढऱ्या रंगाचा जीन इतका जोरात आहे की या पेशी गर्भात असताना सगळीकडे पोचतच नाहीत. कानाच्या आत पोचल्या नाहीत की जन्मल्यावर तीन चार आठवड्यांत आतली ऐकण्याची यंत्रणा वाळून जाते, आणि ती परत येत नाही. डोळ्यात पोचल्या नाहीत की डोळा निळा. ठिपक्यांचा जीन वेगळा आहे, तो नंतर या पांढऱ्या कातडीवर आपलं काम करतो, त्यामुळे सुंदर ठिपके आहेत म्हणून कान चांगला असेल असं काही नाही.

आणि पॅच म्हणजे काय? तर पॅच म्हणजे त्या पेशी जन्माआधी वेळेवर पोचल्या याची खूण. पॅचवाल्या पिल्लांमधे बहिरेपणाचं प्रमाण स्पष्टपणे कमी असतं आणि निळ्या डोळ्यांच्यात जास्त असतं, हे त्याच तपासण्यांतून आलेलं आहे. म्हणजे माझ्या तीटच्या कानावरचा जो काळा रंग बघून तिला रिंगबाहेर काढलं तो एका अर्थी तिच्या कानाचा सर्टिफिकेट होता. आणि आपण पिढ्यान् पिढ्या पॅचवाले बाजूला काढून उरलेल्यांची पिल्लं घेत राहिलो तर पांढरा जीन आणखी जोर धरणार नाही तर काय होणार. ब्रीडवाले म्हणतात पॅच मोकळा सोडला तर दोन पिढ्यांत ठिपके जातील आणि नुसते बांडे कुत्रे उरतील. त्यात काही तथ्य नाही असं मी म्हणत नाही, ठिपक्यांशिवाय डाल्मेशियन ही कल्पना मला पण सहन होत नाही. पण पॅचवाल्या कुत्रीला रिंगमधे खालचा नंबर देणं वेगळं आणि जातीतूनच उठवणं वेगळं. कप नका देऊ, पण पैदाशीतून तिला बाद करू नका.

रंगाच्या या सोवळ्याओवळ्याच्या गमती इतर जातींत पण आहेत. पांढरा जर्मन शेफर्ड जर्मन शेफर्डच्या रिंगमधे बाद, आणि त्याच मुळातून आलेला पांढरा कुत्रा स्विस शेफर्ड या नावाने एफसीआयने २०११ साली कायमची मान्यता दिलेली स्वतंत्र जात. शेजारच्या रिंगमधे गेला की तोच रंग गुण ठरतो. बॉक्सरमधे पांढरा एक तृतीयांशच्या वर गेला की बाद, पण तिथे निदान उलटं आहे, बॉक्सरमधे बहिरेपणा जास्त पांढऱ्यांतच सापडतो, म्हणजे नियम कानाच्या बाजूने तरी आहे.

मिक्स या शब्दावर परत येतो कारण तो मला जास्त लागला. डाल्मेशियनला आणखी एक जन्मजात भोग आहे, युरिक ॲसिडचा. यांच्या लघवीत ते इतर कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त उतरतं, त्याचे खडे होतात, विशेषतः नरांना, लघवी अडकली तर जिवावर बेततं. जातीत अख्ख्या सगळ्यांना तोच बिघडलेला जीन, त्यामुळे जातीच्या आत राहून निवडून निवडून तो काढायची सोयच नव्हती. १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शायबल नावाच्या जनुकतज्ज्ञाने एकदाच, फक्त एकदा, एका पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी संकर केला आणि नंतर पिढ्यान् पिढ्या परत डाल्मेशियनशीच जोडत गेला. चांगला जीन आला, ठिपके आले, चाल आली. तरी अमेरिकन केनेल क्लबने त्या वंशाला पूर्ण दार उघडलं ते २०११ साली. मधली अडतीस वर्षं वाद काय तर हे अस्सल नाहीत. पॉइंटरचं रक्त तोपर्यंत नावाला सुद्धा उरलं नव्हतं. आमच्या मोत्याला पण खडे झाले गेल्या उन्हाळ्यात, तेव्हा डॉक्टर म्हणाले पाणी भरपूर पाजा, कलेजी बिलकुल बंद. मी शोसाठी रोज काय खाऊ घालत होतो ते वर लिहिलंच आहे.

आता माझं मागणं. केनेल क्लबांनी काय करावं हे सांगणारा मी कोण, पण ऐकू येतं का ते बघायची बेरा टेस्ट म्हणून जी माणसांच्या बाळांची करतात तसलीच टेस्ट कुत्र्यांची पण होते, पाच आठवड्यांचं पिल्लू झालं की करता येते, कातडीखाली बारीक सुया टोचून, दोन्ही कान वेगवेगळे तपासतात, काही मिनिटांचं काम. दोन्ही कान गेलेला कुत्रा ताट आपटून कळतो, एक कान गेलेला घरात जन्मभर कळत नाही, फक्त हाक कुठून आली ते त्याला समजत नाही म्हणून तो उलट्या दिशेला बघतो. तोच कुत्रा उद्या स्टडला म्हणजे पैदाशीला लागतो आणि बहिरेपण पुढे जातं. एफसीआयच्या मानकात बहिरेपणा पण बाद करण्याच्या यादीत आहे बरं का, पॅचच्याच यादीत, पण पॅच दिसतो आणि कान दिसत नाही, म्हणून रिंगमधे एक तपासला जातो आणि दुसरा नाही. डाल्मेशियनच्या एन्ट्रीला ते सर्टिफिकेट लागू करायला काय हरकत आहे. मला मोत्यासाठी नाशकात कुठे ही टेस्ट मिळाली नाही, मोठ्या शहरात न्यावं लागेल म्हणाले, मग म्हटलं आता कळून काय करायचं. पण ज्यांना पिल्लं काढायची आहेत त्यांनी प्रवास करायला हरकत नाही, शोसाठी आपण बेंगळुरूपर्यंत जातोच की.

आणि तुमच्याकडे मागणं एवढंच की पुढच्या वेळी विजेत्याचा फोटो छापताना वार्ताहराला सांगा, ठिपक्यांचं विचारून झालं की मालकाला एक प्रश्न आणखी विचार, कान तपासलेत का. उत्तर पण छापा.

मोत्या मजेत आहे हे सांगायचं राहिलं. हाताच्या खुणा शिकलाय, रात्री अंगणात असला तर टॉर्च दोनदा मिचकावली की आत येतो, आणि अजून तीट उठली की उठतो. तीट आता नऊची झाली, तिचं वय बघून आम्हाला त्याची काळजी वाटते. उजव्या कानाची कड तिची थोडी पांढरी पडलीय, डावा अजून तसाच कुळकुळीत.

पत्र छापलंत तर कृपा करून नाव छापू नका. मोत्याचे ब्रीडर आमच्याच कॉलनीत राहतात आणि रोज सकाळी जॉगिंग ट्रॅकवर भेटतात.

आपला,
एक जुना वाचक, नाशिक